गुंजाळ साहेबांच्या मोकाट रेघा

गुंजाळ साहेब संगणकावर माउसने रेघ ओढत, शेजारचा आकडा हवा तेवढा झालासा वाटला की बोट उचलत आणि खुर्चीत मागे रेलत. "डोळा लागतो त्याला, डोळा!" हे वर ऐकवत.

मंचरच्या आमच्या कारखान्यात कांदा प्रतवारीची यंत्रं बनत. गुंजाळ तिथे डिझाइनचे प्रमुख होते, कारण ते मालकांचे, म्हणजे आण्णांचे, साडू होते. दुसरं कारण मला नऊ वर्षांत सापडलं नाही. मी त्यांच्या हाताखाली होते.

यंत्राचं चित्र काढताना प्रत्येक रेघेला लांबीचं माप बांधावं लागतं. ही रेघ तिला समांतर, हे टोक त्या टोकाला जोडलेलं, अशा अटी घालाव्या लागतात. मग एक आकडा बदलला की अख्खं चित्र न विस्कटता लहानमोठं होतं. गुंजाळांना हे कारकुनी वाटे. "मापं बांधणं तुमचं काम. मी संकल्पना देतो." संकल्पना म्हणजे जुन्या चित्राची नक्कल. लांबी कमी भरली तर रेघ दुरुस्त करायची सोडून ते तिच्यावरचा आकडा पुसत आणि हवा तो टाइप करत. रेघ होती तेवढीच राही, कागद खोटं बोलू लागे. मी हटकलं तर म्हणाले, "लांबी आपण म्हणू ती!"

राजुरीच्या एका बागायतदाराने रुंद यंत्र मागितलं. गुंजाळांनी जुन्याच रेघेवर नवा आकडा टाइप केला, पत्रे कापायला चित्राची फाइल चाकणच्या वर्कशॉपला पाठवली आणि छापील कागद आमचे फिटर सुभाषभाऊ यांना दिला. कापणारं यंत्र आकडा वाचत नाही, रेघ वाचतं. पत्रे रेघेइतके आले, सांगाडा कागदाइतका झाला. मध्ये बोटभर फट.

"फिटरला टेप धरता येत नाही," गुंजाळ मालकांना शांतपणे म्हणाले.

"आण्णा, कागदावर लिवलंय तेवढंच केलंय. मोजून बघा," सुभाषभाऊ म्हणाले.

आण्णांनी मोजलं नाही. साडूचा शब्द मोजायची त्यांच्या घरात रीत नव्हती. सुभाषभाऊंना त्याच दुपारी कामावरून काढलं.

दुसऱ्या सकाळी मी आण्णांना संगणकासमोर बसवलं. टाइप केलेला आकडा काढला, खरा उमटला. मग रेघेचं टोक माउसने धरून ओढलं, तर ती मुकाट लांबत गेली. "ही कशालाच बांधलेली नाही, आण्णा."

"मंग त्यो आकडा कुणी लिवला?"

"व्हायरस असणार," मागे उभे असलेले गुंजाळ म्हणाले. इतक्या गंभीरपणे, की त्यांच्या वाट्याची लाज मलाच वाटली.

आण्णांनी त्यांना काढलं नाहीच. मला मात्र सुभाषभाऊंना परत आणायला वारूळवाडीला त्यांच्या घरी धाडलं. भाऊंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, काम काय, कुठं बी मिळंल. पण परत आलो तर त्या माणसाला रोज साहेब म्हणावं लागंल. त्ये आता तोंडातून न्हाई निघायचं."

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शिरले, तेव्हा गुंजाळ नेहमीसारखे रेलून माझ्या नमस्काराची वाट पाहत होते.

"गुंजाळ," मी म्हणाले, "तुमची सगळी चित्रं मी आजपासून बांधायला घेतेय. उठा त्या खुर्चीतून."

ते उठले.