आबांना खुर्चीत बसवताना

मलकापूरच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी लागली तेव्हा माझी बॅग वडिलांनी, आबांनी, स्वतः चढवली. "लोकाची म्हातारी सांभाळायला निघालीस," एवढंच म्हणाले. मी खिडकीतून हात करेपर्यंत ते पाठमोरे झाले होते.

राजारामपुरीतल्या एका वृद्धाश्रमात मी लागले. तिथं पहिल्यांदा शिकवलं ते हे, की म्हाताऱ्या माणसाला उचलायचं नसतं, उठायला मदत करायची असते. व्हीलचेअर धडक्या, म्हणजे जोर असलेल्या, अंगाला लावायची, ब्रेक मारायचे, पाय जमिनीवर नीट टेकवायचे. कमरेचा पट्टा धरायचा, काखेत हात घालून ओढायचं नाही. आणि घाई करायची नाही. मला तर सारखी घाई. काम उरकलं की फोन बघायची, ठेवला की पुन्हा बघायची.

अशातच एक दिवस फोन आला. आबांना अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यानंतर माझा थोरला भाऊ संभा, माझा दादा, त्यांना पोत्यासारखं उचलून खाटेवरून खुर्चीत ठेवायचा. मायेनंच करायचा. पण मी रजेवर गेले तेव्हा आबांच्या काखा काळ्यानिळ्या पडलेल्या आणि दादाची कंबर धरलेली. असं उचलू नको, मी बोलून गेले.

दादा शांतपणे म्हणाला, "तू शिकवून एसटीनं जाशील. रोज उचलणार मीच की."

सोबत नेलेला रुंद पट्टा मी आबांच्या कमरेला बांधला. लेकीनं धरायचं म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली. मग दादाला पुढं केलं आणि बाजूनं सांगत राहिले. त्यांच्या लुळ्या गुडघ्याला तुझा गुडघा लाव. पट्टा धर, ओढू नको.

"आबा, पुढं वाका. उठायचं तुमीच हाय. दादा नुसता धरणार."

ते थरथरत उठले. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर. दादाच्या खांद्यावर डोकं टेकून क्षणभर तसेच राहिले, मग हळूहळू वळून खुर्चीत बसले. दादा तोंड धुवायला घरामागच्या परड्यात गेला, तो बराच वेळ आला नाही.

आता ड्युटीवर कुणी म्हातारं माणूस माझ्या आधारानं उभं राहिलं की मन मलकापुरात जातं, आणि मलकापुरात टेकले की घटकाभरात ड्युटी आठवते. तुमच्यातले जे घर सोडून बाहेर पडलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या सुट्टीत आबांना घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायचं होतं. मी सवयीनं पुढं झाले.

"तू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "संभाला बोलीव. त्याचा हात बसलाय आता."

गोठ्यातल्या दादाला हाक मारली. तो हात पुसत आला, तशी मी बाजूला सरले. माझ्यावाचून त्यांचं चालावं म्हणूनच तर शिकवलं होतं, आणि चाललंय. तिथं माझी अडचण कुणाला नाही, गरजही फारशी नाही. तरी सुट्टीच्या आदल्या दिवसापासून पाय तिकडंच ओढतात. घर म्हणायचं ते आता या ओढीलाच.