बावीस मिनिटांचा चढ

माझे बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता कामावर आला आणि किती वाजता गेला, हे रजिस्टरात लिहिणं त्यांचं काम, आणि तोच त्यांचा स्वभाव. आमच्या घरी भातसुद्धा उशिरा शिजायला घाबरायचा.

कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरपासून खाणीच्या ऑफिसपर्यंत चांगलाच चढ होता. बाबा तो सात मिनिटांत चढत. भोंग्याच्या बरोबर सात मिनिटं आधी ते उंबरठ्याबाहेर पाय टाकत, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. वाटेत कुणी "नमस्कार जी" म्हटलं तर मान हलवत, पण पाय थांबत नसत. माझी शाळा ऑफिसच्या पलीकडे होती, म्हणून मी जाता-येता त्यांच्या मागोमाग असे. सगळ्या वाटेत आमच्यात एक शब्द होत नसे. मला वाटे, बाबा लोकांचं असंच असतं.

त्यांना साखरेची बिमारी होती. आठवड्यातून दोनदा आई स्वयंपाकघरातच स्पिरिटचा दिवा लावी. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि मग आम्ही सगळे रंगाची वाट पाहत बसायचो. निळं किंवा हिरवं राहिलं की आईचा चेहरा खुले. विटकरी झालं की दुपारच्या ताटातला भात गायब. धानाच्या मुलखातल्या माणसाचा भात काढायचा म्हणजे काय, ते बाबांच्या तोंडाकडे पाहून कळे. ज्वारीची भाकर ते शिक्षा भोगल्यासारखी खात. मला मात्र तो रंगांचा खेळ फार आवडे. आजही स्पिरिटचा वास आला की मी त्या चुलीपाशी जाऊन बसते.

मी आठवीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. दसऱ्याच्या सुमारास बाबा अचानक बदलले. घरून लवकर निघू लागले, आणि वाटेत थांबू लागले. पहिला थांबा फिटरकाकांच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली. "काहो जी, यंदा पेरू लहान काहून?" दुसरा शेळ्या पाळणाऱ्या काकूंच्या दारात. "बकरी व्याली का?" तिसरा हातपंपावर. काकूंनी तर एकदा आईला गाठून सांगितलं, "तुमचे सायेब आता मानसात आले बाप्पा!" आई हसली. कॉलनीभर तोच विषय झाला.

शेवटचा थांबा मोहाच्या झाडाखाली असे. तिथे घर नव्हतं. बोलायला फक्त मी होते. मग बाबा खोडाला हात टेकून मला विचारत, "शाळेत काय शिकवून राहिले तुले?" मी सांगत सुटे. कधी ते त्यांच्या लहानपणचं सांगत. पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जायचं, फुलं तोंडात टाकत टाकत टोपली अर्धीच भरायची, आणि घरी आजीचा मार. बाबांनी मार खाल्ला असेल हे मला खरंच वाटेना. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. त्या झाडाखाली मला बाप मिळाला, असं मी आजही म्हणते.

ऑफिसला लागूनच खाणीचा दवाखाना होता, तिथे तेव्हा नवे डॉक्टर आले होते. बाबांची महिन्याची तपासणी होती, मीही सोबत गेले होते. नळी हिरवी आली होती, म्हणून बाबा खुशीत होते. डॉक्टर मात्र त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ सुजलेल्या घोट्यावर उमटला होता.

"छातीत दुखतं का?"

"नाही जी. कधीच नाही."

"दम लागतो?"

"नाही जी."

"घरून इथे यायला किती वेळ लागतो?"

"सात मिनिटं," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांची सवय.

मी मध्येच बोलले. घड्याळवाल्या बापाची चूक पकडायचा आनंद कोण सोडणार? "नाही डॉक्टर, बावीस! बाबा सगळ्यांशी बोलत बोलत येतात."

"आणि परत जाताना?"

"जाताना सातच."

म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. उतारावर बाबा कुणाशीच बोलत नव्हते. पेरूखाली नाही, हातपंपावर नाही, मोहाखालीही नाही. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. बाबा जमिनीकडे पाहत होते.

नागपूरला हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली तेव्हा कळलं, हृदयाचा एक झटका आधीच येऊन गेला होता. साखरेच्या माणसाच्या नसा बधिर होतात, तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, कधी कधी हृदयाचं दुखणं त्याला दुखतच नाही. नुसता दम, घाम, मळमळ, थकवा. आईला लगेच आठवलं. दसऱ्याच्या महिनाभर आधी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबांना दरदरून घाम सुटला होता, उलटी झाली होती. घाम आला की साखर उतरली समजायचं, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं साखरेचं पाणी पाजलं, तासाभरात ते उठून बसले, आणि आपण वेळेवर धावलो म्हणून ती खूश झाली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती ओक्साबोक्शी रडली. आम्ही सगळे नळीतला रंग बघत राहिलो, माणसाकडे कुणी बघितलंच नाही.

औषधं सुरू झाली. चढ बंद, ऑफिसला कंपनीच्या ट्रकमध्ये पुढे बसून जायचं ठरलं. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले, ती त्या बावीस मिनिटांची कमाई. पण तेव्हा मी आतून चिडलेली होते. बाबा अंगणात बाजेवर पडले होते, तिथे जाऊन मी सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलत होते, ते नुसता दम लागत होता म्हणून?"

ते बाजेवर उठून बसले. मग माझा हात धरून म्हणाले, "थांबलो तं दमानंच, बाई. खोटं कायले बोलू? पण थांबलो तवा मांगं पाह्यलं. तू धावत येत होती. इतके वर्सं रोज माह्या मांगं धावत होती, अन् मले मालूमच नाही."