तिन्ही अरेस्टर सारखेच तापले होते

उपकेंद्राच्या यार्डात लायटनिंग अरेस्टर उभे असतात. चिनी मातीचे, खांबासारखे. तारेवर वीज पडली की तिचा लोंढा ते जमिनीत सोडतात आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. ते आतून खराब झालेत का, हे तपासणं ही माझी नोकरी होती.

उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून तीन फेजचे तीन अरेस्टर एकमेकांशी ताडून बघायचे. एखादा जास्त गरम दिसला तर तो बदलायचा. वाशी तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात तिन्ही सारखेच दिसले. मी ‘ठीक’ लिहून सही केली. तिन्ही एकदमच बसवलेले होते, तेव्हा तिन्ही सारखेच खराबही असू शकतात, हे भूम गावी घरी पोचल्यावर डोक्यात आलं.

मी ऑपरेटरला फोन केला. अरेस्टरच्या पायाशी गळता करंट दाखवणारा मीटर असतो. म्हटलं, काटे कुठं आहेत ते बघून ये.

“साहेब, वर लई कडाडतंय.”

“अरे, मिनिटाचं काम. पळत जा.”

तो गेला आणि अरेस्टर फुटला. चिनी मातीची कपची त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली.

चौकशीत त्यानं खरं ते सांगितलं. मी म्हणालो, फोन केला होता, पण पाऊस कसा आहे एवढंच विचारलं. अशा वेळी यार्डात जायचं नसतं हे मी कसं विसरेन? माझं सगळ्यांना पटलं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. फोन त्यानंच उचलला होता. मी त्याच्या बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

“हे बी हेच सांगत व्हते,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, साहेब कशाला खोटं बोलतील? तुमालाच नसती हौस.” मग टोपलं बाजूला सारून म्हणाली, “मला एकटीला सांगून काय उपेग? आपणहून गेले म्हणून गाव ह्यास्नी विजेचा जावई म्हणतंय. पारावर चला.”

पारावर चार-पाच जण होते, ऑपरेटरही त्यांच्यातच बसलेला. मी सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच. सांगताना मला काहीच वाटत नव्हतं.

“मग तवाच का न्हाय बोललात?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“नोकरी गेली असती.”

“आन् आता?”

“आता रिटायर झालो.”

ऑपरेटर माझ्याकडं बघत होता. त्याच्या कुठल्या डोळ्याकडं बघावं ते मला कळेना.