बाहीची कानटोपी

फरीदाबादहून दिल्लीला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसमध्ये माझ्या शेजारी एक मराठी गृहस्थ बसत. ऑफिसात सरकारी फायली आणि उरलेल्या वेळात जगभरच्या हस्तकला, असा त्यांचा संसार होता. घरी केबल टीव्ही आल्यापासून हा नाद लागलेला. कुठलीही कला दाखवताना आधी म्हणणार, "बिल्कुल सोपं आहे हो!" जपानी पद्धतीने निळीत कापड रंगवायला शिकले, त्या आठवड्यात त्यांच्याशी हात मिळवणारा प्रत्येक जण निळा होऊन ऑफिसात पोचला. मीसुद्धा.

थंडीत ते पेरू देशातली कानटोपी विणायला लागले. "तिकडे डोंगरातले पुरुषच विणतात," हे त्यांनी ड्रायव्हरलाही ऐकवलं.

एका धुक्याच्या सकाळी टोपीचा एक कान झाला आणि लोकर संपली. मी सारखा शिंकत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोट काढला आणि बायकोने विणलेल्या स्वेटरची बाही मनगटापासून उसवायला घेतली.

"अहो, हे काय करताय?"

"अरे यार, कोटाच्या आत बाही दिसते कुठे?"

मागून कुणीतरी ओरडलं, "भाईसाहब, ठंड लग जाएगी!" यांच्या सुया थांबेनात. बाही कोपरापर्यंत गेली तेव्हा दुसरा कान तयार झाला होता.

मग ती टोपी त्यांनी माझ्याच डोक्यावर दाबून बसवली. माझे कान इतके घट्ट झाकले गेले, की बसमधून उतरताना त्यांनी दिलेली पहिली शिंक मला नुसती दिसली, ऐकू आली नाही.