काळूरामच्या गोळ्याची सावली

आमच्या रुचिताला कुणी गरीब गाय म्हणालं की मला हसू येतं. अहो, डूख धरून बसणारी पोरगी ती! काशीमीऱ्याला फ्लेक्सच्या दुकानात ती फोटोशॉपवर डिझाइन करायची, मी बॅनरच्या कडेला दोरीसाठी रिंगा ठोकायचे. शुभेच्छुकांचे चेहरे ती चेंडूसारख्या अशा गोळ्यांत बसवायची की उचलून घ्यावेसे वाटत. एका बाजूनं उजेड, कडेला हळूहळू काळोख, मागे मऊ सावली.

२००७च्या निवडणुकीआधी काळूरामनं तिच्या आईची, शालनताईंची, भजीची गाडी नाक्यावरून उलथवली. का, तर म्हणे त्याच्या बॅनरच्या आड येते! जमीनवाला माणूस, तिकिटाला टपलेला. उकळतं तेल ताईंच्या पायावर सांडलं. रुचिता रडली नाही. म्हणाली, "मंदाताई, ह्याचं तिकीट घालवायचं आणि आईचा कोपरा परत घ्यायचा. बस्स."

आणि मेला आमच्याच दुकानात आला! पक्षाचं तिकीट वाटणाऱ्या साहेबांचा वाढदिवस, बॅनर हवा होता. ही कोणाची पोर, त्याला ठाऊकही नव्हतं.

"साहेब मधी ठेव. पन माजा गोला त्यांच्या म्होरं पायजे, सगल्यांत मोठा. उजेड माज्यावर पायजे."

"करते ना दादा," रुचिता साखरेसारखी बोलली.

आता उजेड समोरून आणि गोळा पुढे, म्हटल्यावर सावली मागच्यावरच पडणार. तिनं ती चांगली गडद केली. काळूराम स्क्रीनवर स्वतःचंच थोबाड बघत होता. "एक नंबर," म्हणाला नि गेला.

वीस फुटी बॅनर नाक्यावर चढला. साहेब गाडीतून उतरले, वर पाहिलं. काळूराम लख्ख, आणि त्याची काळी सावली साहेबांच्या कपाळापासून नाकापर्यंत! पब्लिक फिदीफिदी हसायला लागली. साहेब केक न कापताच गेले. तिकीट मिळालं पंढरीनाथला, काळूरामच्या चुलतभावाला. दोघांचं बांधावरून उभं वैर. माझ्या जिवाला काय थंडावा वाटला म्हणून सांगू!

काळूराम थयथयाट करत दुकानात आला. "साहेबांवर सावली कोनी पारली?"

"तुम्हीच. पुढे उभं राहायचं होतं ना?" रुचिता उठून उभी राहिली. "मी शालनची मुलगी. आईच्या पायाच्या जखमा अजून भरल्या नाहीत."

तिनं त्याला दारातून नाका दाखवला. तिथं बॅनर उतरला होता, पंढरीनाथच्या जोरावर ताईंची कढई आपल्या कोपऱ्यावर पुन्हा तापली होती, आणि तो चार माणसं घेऊन भजी खात उभा होता.