वास नसलेलं दूध

दूध केंद्रावर तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे नाक. "आज नाक कुठल्या मूडमध्ये आहे?" असं एकमेकांना विचारूनच दूधवाले कॅन खाली उतरवायचे. फॅट बघायला मशीन होतं, पाणी पकडायला काचेची नळी होती, पण झाकण उघडलं की पहिली वाकायची ती. एकदा हुंगायचं, पळीभर दूध तोंडात घ्यायचं, खुळखुळवून थुंकायचं, आणि निकाल. त्यावर अपील नाही. जिभेला जपायचं म्हणून सव्वीस वर्षं तिने सकाळचा चहासुद्धा काम आटोपल्यावर घेतला. नवरा म्हणायचा, "हिच्याशी खोटं बोलता येतं, पण बाहेर काही खाऊन घरी येता येत नाही."

तिला खरंच कळायचं. दूध काढायच्या आधी मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याचा, खड्डा उघडला तर दुधाला आंबूस वास लागतो, गोठा झाडला नाही तर कुबट. एकाला तिने सरळ सांगितलं होतं, "तुझी गाय काल कुणाच्या तरी कोबीत शिरली होती." तो हबकलाच, कारण त्याच कोबीवरून शेजाऱ्याशी त्याची हमरीतुमरी झाली होती आणि गाय आपली नव्हेच असं तो शपथेवर सांगून आला होता. अशा गोष्टींनी तिचा दबदबा वाढला, आणि दबदबा वाढला की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला कळत नाही ते नाहीच मुळी. तिलाही तसं वाटायचं.

तिचा धाकटा भाऊ टेकडीपलीकडे राहायचा. त्याच्या सात गायी उतारावर मोकळ्या चरायच्या, आणि तिथे रानकांदा माजला की त्याचा वास दुधात उतरायचा. त्या वर्षी तिने त्याचे कॅन लागोपाठ तीन दिवस परत केले. तेही चारचौघांत, जरा जास्तच खणखणीत आवाजात, म्हणजे कुणी म्हणायला नको की बहीण भावाला सांभाळून घेते. भावाने गायी दावणीला बांधल्या, चरणं बंद केलं आणि गोदामातून भुईमुगाच्या पेंडीची पोती आणली.

आठवड्याने त्याचं दूध आलं ते स्वच्छ, गोडसर, फॅट वाढलेलं. ताईचा ऊर भरून आला. "बघा, याला म्हणतात दूध! असं आणत जा!" तिने रांगेला ऐकवलं. रांगेने ऐकलं. कुठलं गोदाम, कुठली पेंड, किती घालतोस, अशी भावाकडे चौकशी झाली, आणि दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त गोठ्यांत तीच पोती रचली गेली. तिचं काम इतकं सोपं झालं की परत करायला कॅन सापडेना.

मग एका सकाळी पळी तोंडात असतानाच तिच्या लक्षात आलं की हा कॅन कुणाचा, ते तिला ओळखता येत नाही. पुढचाही नाही. पूर्वी डोळे मिटून तिने दहा जणांची नावं सांगितली असती. तिला उगाचच कसंतरी झालं, पण दूध चांगलं होतं, मग तक्रार कशाची करायची?

परवा भावाचं वासरू मेलं. महिन्याभरातलं दुसरं. ती गेली तेव्हा गुरांचे डॉक्टर गोठ्याच्या मागे हात धूत होते. एक गाय गाभडली होती, दोघींनी खाणं टाकलं होतं. डॉक्टरांनी पोत्यात हात घालून पेंडीची ढेप काढली आणि फोडली. आतून हिरवट भुकटी उडाली.

"पोती ओल धरून होती. बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिचं विष जनावराच्या यकृतात बसतं, आणि थोडं दुधात उतरतं."

"मग वास यायला हवा," ती म्हणाली.

"नाही येत."

"चव तरी?"

"चवही नाही. उकळलं तरी जात नाही. नमुना तपासायला पाठवतो, दहा दिवस लागतील. तोवर पेंड बंद करा."

तिने भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुला आवडलं होतं ना दूध."

तिने पोत्याचं तोंड आवळून बांधलं.

आज सकाळी रांगेत पहिला भाऊच होता. पेंड त्याने परवाच थांबवली होती, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की दूध लगेच निवळत नाही. तिने झाकण उघडलं. हुंगलं. काही नाही. पळी तिने तोंडाला लावलीच नाही.

"परत," ती म्हणाली.

व्यवस्थापक उठून आले. "कारण सांगा. आंबट आहे? पाणी आहे? वास?"

"वास नाही."

"मग कारण काय लिहू, ताई?"

बुरशीचं नाव घ्यायचं तर तपासणीचा निकाल यायला अजून आठ दिवस होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे रांग हसून बघत होती. भावाने मात्र वाद घातला नाही. त्याने झाकण दाबून बसवलं आणि कॅनच्या कडीला हात घातला. "राहू द्या साहेब. वाया नाही जायचं. मागच्या वेळीही तीन दिवसांचं घरातच संपवलं होतं. पोरी पितात आवडीने."

परत गेलेलं दूध घरीच पितात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. धाकटी भाची चार वर्षांची, आत्या आली की पांढऱ्या मिशा घेऊनच धावत यायची.

तिने पुढे होऊन कॅनला पाय लावून धरला. दोन्ही हातांनी झाकण उपटलं आणि कॅन आडवा केला. दूध फरशीवरून भसाभस मोरीकडे धावलं. भाऊ "ताई!" म्हणून ओरडला, कुणीतरी मागे सरकलं. फरशीवर कॅनभर दूध सांडलेलं त्यातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं, मुद्दाम सांडलेलं तर नाहीच.

"घरातलंही ओतून टाक," ती भावाला म्हणाली. "पोरींना एक थेंब द्यायचा नाही. मी येते दुपारी."

मग तिने मान वर केली. भावाच्या मागे एक्केचाळीस कॅन होते. त्यातला पुढचा माणूस आपला कॅन घट्ट धरून उभा होता. "माझं तरी बघा, ताई," तो अजिजीने म्हणाला. "माझ्या दुधाला कसलाच वास नाही."