‘घरात’च्या आधीचा दम

माईक पुढं ठेवला की आक्का तो हाताच्या उलट्या बाजूनं बाजूला सारायची. उंबऱ्यातून आत शिरणारी कोंबडी हाकलावी, तसा. “याला लांब बसव रे, पेटीवाल्या. वळख ना पाळख, अन् तोंडाला तोंड लावून बसलंय.” जात्याभोवतीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि मी मुकाट्यानं माईक मागं घ्यायचो.

पेटीवाला म्हणजे मी. धाराशिवहून टेम्पोत स्पीकरच्या पेट्या घालून लग्नाच्या मांडवांना पुरवायचो. आक्का ईट गावची. चार-दोन एकर कोरडवाहू, नवरा अबोल, एक मुलगी. पण हळदीच्या गाण्यांना तिला भूम तालुक्यात कुठूनही बोलावणं यायचं. आली की आधी जागा बघायची. जात्याजवळची बैठक मिळाली नाही तर मोठ्यानं म्हणायची, “बरं, मग म्या जेवून जाते.” यजमानीण धावत येऊन कुणाला तरी उठवायची. तुम्ही अशा गाणाऱ्या बाया पाहिल्या असतील. त्यांना साधेपणा शिकवू नये. आक्काला आपण काय आहोत ते पक्कं ठाऊक होतं.

परतीला ती माझ्या टेम्पोत पुढं बसायची. मी जुनी गाणी लावायचो. नावं तिला माहीत नसायची, गळे मात्र सगळे ओळखीचे. एका गायिकेबद्दल म्हणायची, “ही शब्दाला हात लावत न्हाय बघ. नुसती जवळून जाती, अन् आपल्यालाच वाटतं कुनीतरी हात लावला.” लावणी लागली की मांडीवर बोट आपटायची. “ही हसती कुठं म्हाईत हाय का? ओठात न्हाय. ओळ संपल्यावर श्वास सोडती ना, त्यात हसती.” आणि एखादी नवी पोरगी विरहाचं गाणं हुंदके देत गायली की आक्का वैतागायची. “ही सोताच रडून मोकळी झाली. मग आमी काय करावं?”

एकदा मी विचारलं, रडकं गाणं रडून नाही म्हणायचं तर म्हणायचं कसं?

“गळ्यानं दाबायचं,” ती म्हणाली. “गानारनीनं दाबलं की ऐकनारनीला रडावं लागतं. गाऱ्हानं घेऊन आलेल्या बाईला आपन आधी पानी देतो, तसं हाय ते. जरा थांबायचं.” आणि मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, “माझ्यासारखी थांबनारी जिल्ह्यात न्हाय.”

ते खरं होतं. तिची एक ओवी होती, तिनंच जुळवलेली. हळदीच्या शेवटी म्हणायची.

लेक चालली सासरी, माय उभी ती दारात
पानी डोळ्याचं ठेविते, माय डोळ्याच्या घरात

‘डोळ्याच्या’पर्यंत आवाज सरळ यायचा. तिथं ती थांबायची. एक दम घ्यायची, तो ऐकू यायचा. पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवून घेतात तसा. जातंसुद्धा थांबायचं. आणि मग ‘घरात’ हा शब्द ती गायचीच नाही, नुसता बोलायची. खालच्या पट्टीत, आत गेलेल्या माणसाला आतूनच हाक मारावी तसा. नवरीची आई तोवर कोरडी असली तरी त्या शब्दाला खाली बसायची.

पुढं मी टेम्पो विकला आणि धाराशिवला एका दुकानाच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंतींना गादीचा फोम, एक कॉम्प्युटर, काच. आक्का एका सकाळी एसटीनं आली, मुलीला घेऊन. स्टीलच्या डब्यात माझ्यासाठी भूमचा खवा. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि आक्काच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन लग्नाच्या आधी करायचं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जीव राहील, आवाजाचं सांगता येत नाही.

“हिच्या हळदीला म्याच म्हननार,” ती म्हणाली. “गळा ऱ्हायला तर गळ्यानं, न्हाय तर तुझ्या पेटीतनं. धरून ठेव.”

तिनं माईक हाताच्या पाठीनं सारला, मी तो परत आणला, असं दोन-तीनदा झालं. मुलगी हसत होती. मग आक्का गायली. काचेच्या अलीकडं मी बसलो होतो, आणि त्या दमाला माझाही श्वास अडकला. हे मी मुद्दाम सांगतोय. मला कळलं नव्हतं असं नाही.

तरीही पुढचं मी केलंच. मी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि हात शिवशिवत होते. आमच्या धंद्यात श्वास ऐकू येणं म्हणजे केर. तो झाडून टाकायचा. ढोलकी आणि कीबोर्ड घातले, तर ‘घरात’ ठेक्याच्या मागं पडायला लागलं. मी तो शब्द माऊसनं धरून पुढं ओढला, ठेक्यावर बसवला. बोललेला होता म्हणून सुरातही चढवला. लग्नाची भेट चकचकीत द्यावी, एवढंच मनात होतं. मग निवडणूक आली, उमेदवारांची प्रचारगीतं आली, डिस्क भरली. मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. गाणं तयार होतं ना.

ऑपरेशननंतर आक्का ऐकायला आली. गळ्याला मफलर, आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेली काडी. हेडफोन दोन्ही हातांनी धरून तिनं गाणं ऐकलं. संपल्यावर परत लाव म्हणून खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढला.

“माझा दम कुठं गेला?”

मी म्हणालो, गाणं जरा साफ केलंय.

“न्हाय रं बाबा. यात माय रडून मोकळी झालीय. म्या म्हनलं व्हतं तसं दे.”

तसं माझ्याकडं नव्हतं. आणि तिच्याकडंही आता गळा नव्हता. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आक्का, चूक झाली. ती मला शिव्या देऊन खाली गेली असती, चहा पिऊन परत आली असती. पण मी जे म्हणालो ते हे.

“आक्का, तुम्ही गाणं असंच म्हणता. स्वतःचा आवाज मशीनवर ऐकला की सगळ्यांनाच तो परका वाटतो. मशीन खोटं बोलत नाही.”

यातलं मधलं वाक्य खरं आहे, म्हणूनच ते लबाड आहे. आमच्या खोलीत येणारा प्रत्येक जण स्वतःचा आवाज ऐकून तोंड वाकडं करतो. मी ते हजारदा पाहिलेलं, आणि तेच तिच्या अंगावर टाकलं.

तिनं गळ्याचा मफलर सारखा केला. मग म्हणाली, “म्हंजे म्या थांबत न्हवते?”

मी मान हलवली. नाही, अशी.

“मला वाटायचं, थांबते.”

मुलीच्या हळदीला मी स्वतः पेट्या घेऊन ईटला गेलो, हौसेनं. शेवटी गाणं लावलं. जुन्या बाया सोबत म्हणू लागल्या आणि ‘डोळ्याच्या’वर सवयीनं थांबल्या. पेटीतली आक्का पुढं निघून गेली. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “अरं ए पेटीवाल्या, आक्का तर हितं थांबती की.”

आक्का मुलीच्या मागं बसली होती. तिनं तो खरखरता आवाज कसाबसा वर काढला. “न्हाय वो मावशी. म्या थांबत न्हवते. तुमाला अन् मला उगंच वाटायचं.” आणि तिनं खुणेनं गाणं परत लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी बोटानं ठेका धरून तिनं बायांना माझ्या कॉम्प्युटरसारखं म्हणायला लावलं. चुकल्या की हातानं थांबवायची, परत. तिसऱ्या वेळी त्यांना जमलं. मुलगी हळद लावलेल्या चेहऱ्यानं बसली होती, कोरडी. मी बटणांपाशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी आवाज थोडा वाढवला.

त्यानंतर आक्का वर्ष-दोन वर्षं होती. हळदींना जायची, जात्याजवळ बसायची, पण जागेसाठी भांडायची नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, “पेटी लावा, चांगलं म्हनती ती.” ती गेल्याचं मला भूमच्या बाजारात कळलं. अलीकडं हळदीला ती ओवी ऐकतो, तेव्हा तरण्या बाया सरळ ठेक्यावर ‘घरात’ म्हणून मोकळ्या होतात. गोड म्हणतात. कुणी खाली बसत नाही.

परवा तिची मुलगी खोलीत आली. तिच्या नणंदेची हळद आहे, आईचं मूळ रेकॉर्डिंग आहे का, असं विचारत होती. तिला सोबत म्हणायचं होतं. डिस्क खराब झाली, हे तोंडात आलंच होतं. ते गिळलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुसलेलं, ओढलेलं, आणि ती नाही अशी हलवलेली मान.

तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “आईनं मरेपर्यंत ते खरं धरलं, मामा. मला म्हनायची, तुझ्या हळदीत कळलं, इतकी वर्षं लोक नुसतं मन राखत व्हते माझं.”

मला बसावं लागलं.

मग तिनं मोबाइल काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून. “कुठं थांबायची? म्हनून दाखवा.”

मी म्हटलं, मला गाता येत नाही. तिनं मोबाइल आणखी पुढं सरकवला. मग मी सुरुवात केली. आवाज फाटका, सूर कुठंच नाही. ‘माय डोळ्याच्या’पर्यंत आलो, थांबलो, आणि दम घेतला. ‘घरात’ तोंडातून निघेना.

तिनं हाताच्या उलट्या बाजूनं मोबाइल बाजूला सारला आणि खुर्ची पुढं ओढली.

“परत म्हना,” ती म्हणाली.